लिनियसचे डबे आणि जातीची उतरंड

आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी मुलांचा अभ्यासवर्ग चालतो. कोर्टाच्या कामातून सुटका मिळेल तेव्हा आम्हीही तिथे जाऊन बसतो. मागे एका रविवारी शाळेतली एक मुलगी विज्ञानाचे पुस्तक उघडून समोर आली. पुस्तकात सजीवांच्या वर्गीकरणाचा तक्ता होता: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि शेवटी जाती. तिचा प्रश्न सरळ होता. आंब्याला जात आहे, वाघाला जात आहे, पिंपळाला जात आहे, असे शाळेचे पुस्तकच सांगते. मग माणसांतही जाती निसर्गानेच केल्या असे कोणी म्हणाले, तर त्याला काय उत्तर द्यायचे?

प्रश्न बालिश नाही. भल्याभल्या पंडितांनी हाच युक्तिवाद कोट-टोपी घालून केला आहे. त्याचे उत्तर द्यायचे तर हा तक्ता ज्याने उभा केला, त्याच्या आयुष्यात डोकवावे लागेल. त्या माणसाचे नाव कार्ल लिनियस. त्याने जगाला वर्गीकरणाची शिस्त दिली आणि ती शिस्त एका ठिकाणी त्यानेच मोडली. दोन्ही गोष्टी आपल्या लोकांना माहीत असाव्यात, म्हणून हा लेखप्रपंच.

लिनियसचा जन्म २३ मे १७०७ रोजी दक्षिण स्वीडनमधल्या स्मोलांड प्रांतात, रोशुल्ट या खेड्यात झाला. बाप निल्स हा खेड्यातल्या चर्चचा धर्मोपदेशक. घराण्याला आडनाव नव्हते. विद्यापीठात नाव घालताना आडनाव लागले, तेव्हा निल्सने आपल्या जमिनीतल्या एका मोठ्या लिंडेन झाडावरून लिनियस हे नाव घेतले. पुढे ज्याने हजारो झाडांना नावे दिली, त्याचे स्वतःचे नाव असे झाडाकडून आले. बापाला बागेचा नाद होता आणि पोरालाही तोच लागला.

व्हेक्श्यो गावच्या शाळेत मुलाचे लक्ष धर्मशास्त्रात नव्हते. शिक्षकांनी बापाला सल्ला दिला की हा काही विद्वान होणार नाही, याला शिंपीकाम किंवा चांभारकाम शिकवा. हे वाचताना आम्ही क्षणभर थांबलो. त्या देशात धर्मोपदेशकाच्या मुलाला चपला शिवायला बसवता येत होते आणि शिवायला बसला म्हणून तो बाटत नव्हता. स्वीडनमध्ये विषमता नव्हती असे नाही. तिथल्या संसदेत उमराव, धर्मगुरू, नागरिक आणि शेतकरी अशी चार सभागृहे होती. पण माणूस एकातून दुसऱ्यात जाऊ शकत होता. योहान रोथमन नावाचा डॉक्टर त्याच शाळेत शिकवत असे. त्याने मध्ये पडून मुलगा चांगला वैद्य होईल अशी हमी घेतली आणि शिक्षण चालू राहिले. एका शिक्षकाच्या शब्दाने आयुष्य कसे वळते, हे आपल्या पहिल्या पिढीच्या शिकलेल्यांना वेगळे सांगायला नको.

१७२७ साली लुंड आणि १७२८ साली उप्साला विद्यापीठ. खिशात पैसा नाही. फाटक्या जोड्याला आतून कागद लावून तो दिवस काढत होता असे सांगतात. ओलोफ सेल्सियस या वडीलधाऱ्या प्राध्यापकाने त्याला घरी आसरा दिला. पीटर आर्टेडी नावाचा मित्र मिळाला. दोघांनी निसर्गच वाटून घेतला. आर्टेडीकडे मासे, लिनियसकडे झाडे. १७३५ साली आर्टेडी ॲमस्टरडॅमच्या कालव्यात बुडून मेला. मित्राचे माशांवरचे हस्तलिखित लिनियसने सोडवून आणले आणि १७३८ साली मित्राच्याच नावाने छापले. दुसऱ्याचे काम आपल्या नावावर खपवणाऱ्यांच्या जगात ही गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

त्याआधी १७३२ साली तो एकटाच उत्तरेकडे लॅपलंडच्या सफरीला गेला होता. तिथे सामी लोक राहतात, रेनडियर पाळणारे. लिनियस त्यांच्यात राहिला, त्यांचे जेवण जेवला, त्यांच्या औषधांची नोंद केली आणि त्यांच्या काटक शरीराचे त्याला कौतुक वाटले. पुढे सामी पोशाख घालून त्याने आपले चित्रही काढून घेतले. ही सफर लक्षात ठेवावी. ज्या लोकांना त्याने डोळ्यांनी पाहिले, त्यांच्याविषयी तो माणुसकीने लिहीत होता.

१७३५ साली तो हॉलंडला गेला. हार्डरवाइक येथे आठवड्याभरात वैद्यकीची डॉक्टरेट घेतली. त्याच वर्षी लायडनमध्ये त्याचे सिस्टिमा नॅचुरी हे पुस्तक छापले गेले. डझनभर मोठ्या पानांचा हा मजकूर. बाराव्या आवृत्तीपर्यंत तो दोन हजारांवर पानांचा झाला.

त्या पानांत काय होते? साऱ्या निसर्गाची पाच पायऱ्यांची मांडणी: सृष्टी, वर्ग, गण, प्रजाती, जाती. संघ आणि कुल या पायऱ्या नंतरच्या लोकांनी वाढवल्या. ही मांडणी समजायला स्वीडनला जायचे कारण नाही. आपल्या गावाच्या शिवारात वड, पिंपळ आणि उंबर ही तीन झाडे असतात. वडाला पारंब्या फुटतात. पिंपळाच्या पानाला लांब टोक असते. उंबराची फळे खोडाला घोसाने लगडतात. पण तिघांनाही चीक आहे आणि तिघांचीही फुले फळासारख्या दिसणाऱ्या गोळ्याच्या आत दडलेली असतात. म्हणून १७५३ साली लिनियसने तिघांना फायकस या एकाच प्रजातीत ठेवले. पिंपळ झाला फायकस रिलिजिओसा, वड फायकस बेंगालेन्सिस आणि उंबर फायकस रेसिमोसा. आधी एका झाडाचे नाव म्हणजे लॅटिनमधले लांबलचक वाक्य असे. त्याने ते दोन शब्दांवर आणले. पहिला शब्द प्रजातीचा आणि दुसरा त्या जातीचा.

या मांडणीचा न्याय पाहा. घरातल्या डब्यात डबा बसवावा तसा हा प्रकार आहे. प्रत्येक पिंपळ फायकस आहे, पण प्रत्येक फायकस पिंपळ नाही. मोठ्या डब्याविषयी जे खरे, ते आतल्या प्रत्येक लहान डब्यालाही लागू होते. शेजारचे दोन डबे एकमेकांत मिसळत नाहीत. एकच झाड वडही आणि पिंपळही असे होत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, मोठा डबा आणि लहान डबा यांत फरक आहे तो मापाचा. सृष्टी ही पायरी वर लिहिली जाते, कारण तिच्यात जास्त जीव मावतात. ती जातीपेक्षा पवित्र आहे म्हणून नव्हे. शेजारी बसलेल्या डब्यांत तर उच्चनीच असायचे कारणच नाही. उंबराने पिंपळाला शिवले म्हणून पिंपळ विटाळल्याचे कोणत्याही वनस्पतिशास्त्राने लिहिलेले नाही.

आता मनूची व्यवस्था पाहा. ती आहे उतरंड. एकावर एक मडकी. वरच्याचा भार खालच्यावर आणि सर्वांत खालच्यावर सगळ्यांचा. बाबासाहेबांनी तिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. डब्यात डबा बसवल्याने उतरंड तयार होत नाही. तक्त्यातली जाती आणि समाजातली जात हे शब्द सारखे दिसतात, पण एक निसर्गातली खूण सांगतो आणि दुसरा माणसाने माणसावर लादलेला हुकूम.

दुसरा फरक पुराव्याचा. लिनियसने देवमासा आधी माशांत घातला होता. तो पिलांना दूध पाजतो, हे लक्षात घेऊन १७५८ सालच्या दहाव्या आवृत्तीत त्याने देवमाशाला सस्तन प्राण्यांत आणले. त्याच आवृत्तीत त्याने वटवाघूळ माणसाच्या गणात बसवले, ते नंतरच्या शास्त्रज्ञांनी बाहेर काढले. आम्ही वकील लोक पुराव्याशिवाय एक पाऊल टाकत नाही, म्हणून आम्हाला ही रीत भावते. पुरावा आला की नोंद दुरुस्त होते. जातीच्या नोंदवहीत दुरुस्तीचा रकानाच नाही. तिथे कितीही मोठा पुरावा आणा, कलेक्टर व्हा, न्यायाधीश व्हा, नोंद जन्माचीच राहते.

हॉलंडमध्ये लिनियसच्या हातात एक मोठा ग्रंथ आला. हॉर्टस मलाबारिकस. केरळच्या वनस्पतींवरचे हे बारा खंड डच अधिकारी व्हान रीड याने १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममध्ये छापवले. त्यात सातशेहून अधिक वनस्पती आहेत. भारतीय झाडांसाठी लिनियसने या ग्रंथावर मोठी भिस्त ठेवली. या ग्रंथातले ज्ञान कोणाचे? कोकणी ब्राह्मण पंडितांची मदत त्याला होती. पण पहिल्या खंडात इट्टी अच्युदन या मलबारी वैद्याचे निवेदनही मल्याळम भाषेत छापलेले आहे. आपल्या घराण्यातल्या पोथ्यांतली आणि अनुभवातली झाडे व औषधे आपण सांगितली, असे त्याने तिथे नमूद केले. हे अच्युदन ईळवा जातीचे. ज्या जातीला त्रावणकोरच्या मंदिरांचे दरवाजे १९३६ सालापर्यंत बंद होते, ती ही जात. देवळात ज्याला पाय ठेवता येत नव्हता, त्याच्या ज्ञानाला जगाच्या वनस्पतिशास्त्रात जागा मिळाली. बहुजनांना बुद्धी नसते म्हणणाऱ्यांना हे बारा खंड दाखवावेत.

मात्र लिनियसचा एक नियम आम्हाला खटकतो. प्रजातीचे नाव ग्रीक किंवा लॅटिन मुळाचे असावे, बाकीच्या भाषांतली नावे रानटी समजून टाकून द्यावीत, असे त्याने ठरवले होते. ज्ञान घ्यायचे आणि ज्याच्याकडून घेतले त्याची भाषा दाराबाहेर ठेवायची. हा अनुभव आपल्याला नवा नाही.

१७३८ साली लिनियस स्वीडनला परतला. स्टॉकहोममध्ये डॉक्टरकी केली. १७३९ साली सारा मोराया हिच्याशी लग्न झाले आणि त्याच वर्षी स्वीडिश विज्ञान अकादमीच्या स्थापनेत पुढाकार घेऊन तो तिचा पहिला अध्यक्ष झाला. १७४१ साली उप्सालात प्राध्यापक. विद्यार्थ्यांचा मोठा जथा घेऊन तो रानात जाई आणि संध्याकाळी वाजतगाजत गावात परत येई. त्याचे शिष्य दूरदूरच्या देशांत झाडे गोळा करायला गेले आणि काही परतले नाहीत. १७५३ च्या ग्रंथात त्याने सुमारे सहा हजार वनस्पतींच्या जाती नोंदवल्या आणि १७५८ च्या आवृत्तीत सुमारे ४,४०० प्राण्यांच्या.

या प्राण्यांत माणूस होता. हे त्याचे सर्वांत मोठे धाडस. १७३५ सालीच त्याने माणसाला माकडांच्या शेजारी बसवले. धर्ममार्तंड चिडले. १७४७ साली ग्मेलिन या शास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्याने आपली अडचण मोकळेपणाने मांडली. माणूस आणि वानर यांना वेगळ्या प्रजातीत टाकणारी शरीराची खूण आपल्याला सापडत नाही आणि खरे बोललो तर सगळे धर्मपंडित अंगावर येतील, असा त्या पत्राचा आशय आहे. इतर प्रत्येक प्राण्यापुढे त्याने शरीराची खूण लिहिली. माणसापुढे मात्र खूण नाही, स्वतःला ओळखावे असा जुना उपदेश लिहिला. १७५८ साली माणसाला होमो सेपियन्स हे नाव दिले. एक प्रजाती, एक जाती. सेपियन्स म्हणजे शहाणा.

लिनियस इथे थांबला असता तर हा लेख आनंदात संपला असता. तो थांबला नाही. १७३५ साली त्याने माणसाचे चार भेद केले होते: युरोपी, अमेरिकी, आशियाई आणि आफ्रिकी, फक्त खंड आणि रंग पाहून. १७५८ साली त्याने त्यांना स्वभाव चिकटवले. युरोपी बुद्धिमान आणि कल्पक, कायद्याने चालणारा. अमेरिकी हट्टी, पण समाधानी, रूढीने चालणारा. आशियाई गर्विष्ठ आणि लोभी, मतांनी चालणारा. आफ्रिकी आळशी, धूर्त, लहरीने चालणारा. कोण अंगाला काय लावतो आणि कोण कसे कपडे घालतो, हेही लिहून ठेवले.

या माणसाने आफ्रिका पाहिली नव्हती, आशिया पाहिला नव्हता, अमेरिका पाहिली नव्हती. फुलातले पुंकेसर एकेक करून मोजणारा हा शास्त्रज्ञ माणसापाशी आला आणि ऐकीव गोष्टींवर निकाल देऊन मोकळा झाला. सामींच्या तंबूत बसून जे डोळे उघडले होते, ते अभ्यासिकेत बसून मिटले. आमच्या कायद्याच्या भाषेत सांगायचे तर ऐकीव पुराव्यावर त्याने अर्ध्या जगाला दोषी ठरवले.

संविधानाच्या अनुच्छेद १४ खाली वर्गीकरण वैध आहे की नाही, हे ठरवायला सर्वोच्च न्यायालयाने १९५२ सालच्या अन्वर अली सरकार खटल्यात दोन कसोट्या सांगितल्या. आत घेतलेल्यांना बाहेरच्यांपासून वेगळे करणारा समजण्याजोगा फरक हवा आणि त्या फरकाचा हेतूशी सयुक्तिक संबंध हवा. लिनियसचे चार भेद या कसोट्यांवर घासून पाहा. कपडे बदलले की दुसरी कसली खूण उरते? आळस आणि हुशारी कोणत्या खंडात नाही? आणि कातडीच्या रंगाचा कायदा पाळण्याशी संबंध काय? पहिल्याच सुनावणीत हा दावा फेटाळला जाईल. त्याच्या स्वतःच्या पद्धतीनेही फेटाळला जाईल, कारण जी खूण शरीरात नाही तिच्यावर डबा उभा राहत नाही.

पण चूक मोठ्या माणसाची असली की तिला वारस मिळतात. लिनियसनंतरच्या लोकांनी कवट्या मोजल्या, रंगांचे तक्ते केले, आणि गुलामगिरीच्या समर्थकांनी त्यांचा वापर केला. ती हवा आपल्याकडेही आली. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ली याने नाकाची रुंदी मोजून जातींची प्रतिष्ठा सांगण्याचा उद्योग केला. बारीक नाक वर आणि रुंद नाक खाली. उतरंडीला शास्त्राचा मुलामा मिळाला.

तो मुलामा बाबासाहेबांनी खरवडून काढला. १९३६ च्या जातिनिर्मूलनावरील भाषणात त्यांनी मांडले की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे, मद्रासचा ब्राह्मण आणि मद्रासचा परिया एकाच वंशाचे. जात म्हणजे वंशभेद नव्हे, एकाच वंशाच्या लोकांची सामाजिक फाळणी होय. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात तर त्यांनी घुर्ये यांनी दिलेले नाकाचे आकडेच हातात घेतले आणि त्या आकड्यांवरूनच ब्राह्मण व अस्पृश्य एका वंशाचे ठरतात हे दाखवले. विरोधी पक्षाच्याच साक्षीदाराची उलटतपासणी घेऊन खटला जिंकावा, तसे हे काम आहे.

लिनियसला १७६१ साली उमरावपद मिळाले. शेवटची वर्षे आजारात गेली आणि १० जानेवारी १७७८ रोजी उप्साला येथे तो वारला. त्याचा संग्रह इंग्लंडला गेला आणि त्याच्या नावाने १७८८ साली लंडनमध्ये लिनियन सोसायटी उभी राहिली. बरोबर दहाव्या आवृत्तीनंतर शंभर वर्षांनी, १ जुलै १८५८ रोजी, याच सोसायटीत डार्विन आणि वॉलेस यांचे निबंध वाचले गेले. जाती देवाने ठरवून दिल्या, ही लिनियसची समजूत तिथून ढासळू लागली. पण त्याचे डबे टिकले आणि डब्यात डबा का बसतो हे डार्विनने सांगितले: एका पूर्वजाच्या पोटी शाखा फुटत गेल्या म्हणून. १९७२ साली रिचर्ड लेवोंटिन या जनुकशास्त्रज्ञाने हिशेब मांडला की माणसामाणसांतल्या आनुवंशिक फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच समूहाच्या आत सापडतो. लिनियसच्या चार भेदांना शरीरात आधार सापडला नाही.

त्या मुलीला आम्ही एवढे सगळे सांगितले नाही. आम्ही तिला वासेट्ठ सुत्ताची गोष्ट सांगितली. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन तरुणांत वाद होता की माणूस ब्राह्मण होतो तो जन्माने की कर्माने. ते तथागतांकडे आले. तथागतांनी त्यांना गवत आणि झाडे दाखवली, किडे-मुंग्या, चार पायांचे प्राणी, साप, मासे, पक्षी दाखवले. या सगळ्यांत जातीजातीच्या खुणा निरनिराळ्या आहेत, पण माणसांच्या केसांत, डोळ्यांत, हातापायांत तशी खूण नाही. माणसांतले भेद नावापुरते, कामावरून पडलेले, असे त्यांनी समजावले. लिनियसला माणसापुढे खूण लिहिता आली नाही, याचे कारण त्याच्या जन्मापूर्वी दोन हजार वर्षे सांगितले गेले होते.

मुलीने वहीत पिंपळाच्या चित्राखाली प्रजाती आणि जाती असे दोन रकाने लिहिले. मग तिने माणसाचे चित्र काढले आणि त्याखाली होमो सेपियन्स एवढेच लिहून पेन ठेवले. आमच्या बांधवांना आमची विनंती आहे. तुमच्या मुलांच्या पुस्तकात हा तक्ता येईल, तेव्हा शाळेवर सोडून देऊ नका. शेजारी बसा आणि डबा व उतरंड यांतला फरक त्यांना समजावून सांगा. नाहीतर जाती हा शब्द ती विज्ञानाच्या तासाला शिकतील आणि त्याचा अर्थ मात्र गावातल्या पाणवठ्यावरून घेऊन येतील.